घर बघायला मार्चमध्येच या

बदली झाली, बिऱ्हाड सांगलीला हलवायचं ठरलं आणि कुठल्या भागात घर घ्यावं हे सुचत नाही? आधी मुहूर्त नीट धरा. मार्चमधला रविवार, दुपारी तीनची वेळ. कृष्णा तेव्हा घाटाच्या पार खाली निमूट वाहत असते, उसाच्या ट्रॉल्या कमी झालेल्या असतात, शाळेच्या बस उभ्या असतात आणि सांगली-मिरज रस्ता इतका मोकळा असतो की एजंटाचं ‘कुठूनही कुठं दहा मिनिटं’ पटून जातं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चुकूनही येऊ नका. उगाच डोक्यात शंका येतात.

इथली जुनी माणसं पत्त्याबरोबर एक आकडा सांगतात. ‘आमच्याकडं पन्नासला येतं,’ ‘आमच्या गल्लीत एकोणीसला पहिल्यांदा आलं.’ तुम्ही तिकडं लक्ष देऊ नका. पन्नास म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, फुटांत; एकोणीस म्हणजे 2019 चा पूर. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2005 आणि 2021 मध्ये पाणी 50 च्या वर गेलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्याही वर. यातून वजाबाकी करता येते, आणि तीच करायची नाही. समजा, तुमच्या पसंतीच्या इमारतीच्या दारात 50 फुटांना पाणी लागतं. म्हणजे एकोणीसच्या पातळीला तिथं सात फुटांवर पाणी होतं. पार्किंगची उंची आठ फूट. तेव्हा फ्लॅट ‘पुरापासून सुरक्षित’ आहे, हे बिल्डर खरं तेच सांगतो. फ्लॅट सुरक्षितच असतो. बुडतात त्या खालच्या गाड्या, मीटरची पेटी, पाण्याची मोटर, लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची टाकी. तिसऱ्या मजल्यावर तुम्ही कोरडे असता, फक्त वीज नाही, पाणी नाही आणि खाली उतरायला बोट लागते.

तेव्हा इमारत बघायला गेलात की मान वर ठेवा. बाल्कनी बघा, गॅलरीतून दिसणारा सूर्यास्त बघा. पार्किंगच्या खांबांकडं बघू नका, कारण तिथं एका उंचीवर आडवी तपकिरी रेघ दिसू शकते. खांबांना सहा-सात फुटांपर्यंतच नवा रंग दिला असेल, तर ती सोसायटीची हौस समजा. तळमजल्याच्या फ्लशडोअरच्या खालच्या कडा फुगल्यात का, बटणांचे बोर्ड छातीच्या वर का चढवलेत, मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर का नेऊन बसवलेत, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला तर मुळीच विचारू नका. त्यानं साखरेची पोती कितव्या फळीवर ठेवलीत, यावरूनच सगळं कळतं.

नदीपासून लांब घर घेतलं की काम झालं, हा समज घट्ट धरून ठेवा. पाणी नदीवरून सरळ चालत येतं असंच सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते नाल्यांतून उलटं येतं: नदी चढली की शेरी नाल्यासारख्या नाल्यांचं पाणी पुढं जायचं थांबतं, फुगतं आणि गटारातून, चेंबरच्या झाकणातून वर येतं. खाली हरिपूरला वारणा मिळते, ती भरलेली असली की कृष्णेला पुढं सरकायला जागा उरत नाही. त्यामुळं इथं पूर चढतोही सावकाश आणि उतरतोही सावकाश. वर कऱ्हाडला कोयना मिळते आणि तिच्या धरणाची क्षमता 105 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी चहाबरोबर कोयनेचा विसर्ग किती क्युसेक, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा किती, हे बघतात. तुम्हाला ही सवय लागेलच, घाई नको.

महापालिकेत पूररेषेचा नकाशा मिळतो. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. सांगलीनं 2005 ते 2021 या काळात तीन मोठे पूर बघितले, म्हणजे कोटा केव्हाच संपला, आता निवांत राहायचं. हाच हिशेब एजंट सांगतो, तोच मान्य करा. सर्व्हे नंबर घेऊन जाऊन, आपला प्लॉट कुठल्या रेषेत बसतो हे बघायला अर्धा दिवस जातो, आणि तेवढ्यात ‘दुसरी पार्टी’ टोकन देऊन मोकळी होते.

स्वस्त हवं असेल तर पर्याय भरपूर आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड: शहराला लागून, आणि पाणी इशारा पातळीच्या आसपास आलं की पहिली माहिती तुम्हालाच. शामरावनगरला तर नदीची गरजच नाही, पावसाचं पाणीच मुक्कामाला येतं. जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असला की भिंतीला कोपऱ्यातून तिरक्या भेगा पाडते. बिल्डर त्याला ‘प्लास्टरच्या भेगा’ म्हणतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी चाललेली आणि करंगळीचं नख आत जाईल एवढी भेग असली, तरी प्लास्टरचीच म्हणा. पुट्टी स्वस्त असते.

त्याहून स्वस्त म्हणजे गुंठेवारी, शेतजमीन तोडून गुंठ्यागुंठ्यानं विकलेले प्लॉट. एक गुंठा 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एका एकरात चाळीस मालक, सातबाऱ्यावर सगळे सामाईक. कागद स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला. एनए (बिनशेती परवानगी) नाही, गुंठेवारीचं नियमितीकरण ‘प्रोसेसमध्ये’. 2001 मध्ये कायदा आला, 2021 मध्ये मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटपर्यंत वाढली, तरी प्रोसेस चालूच. बँक कर्जाला नाही म्हणाली की पतसंस्था आहे. व्याज थोडं जास्त, पण कागद कमी मागतात. आणि आपण कागद न बघता प्लॉट घेतलाय, त्यामुळं ते सोयीचंच पडतं.

फ्लॅट घेत असाल तर 45 लाखांच्या अगदी काठावरचा निवडा. बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटला, कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत आणि एकूण किंमत 45 लाखांपर्यंत असेल, तर जीएसटी 1 टक्का. त्यापुढं 5. किंमत 44 लाख ठरली की खूश व्हा आणि पार्किंगचे 2 लाख ‘वेगळे’ देऊन टाका. एकूण किमतीत पार्किंगही धरलं जातं, त्यामुळं 44 हजारांच्या जागी 2 लाख 30 हजार भरायला मिळतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी शून्य. पण तयार फ्लॅटमध्ये नळाला पाणी किती दाबानं येतं ते दिसतं, शेजारी कोण ते दिसतं. त्यात गंमत काय?

खरेदी एकट्या बायकोच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. 44 लाखांवर 44 हजार रुपये. पण दस्तात आपलंही नाव हवंच, म्हणून दोघांच्या नावावर घ्या आणि सवलत घालवा. नोंदणी शुल्क 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. ते तरी वाचवता येत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता कामाचं ठिकाण. तुमची नोकरी कुपवाड एमआयडीसीत असेल तर घर सांगलीवाडीला घ्या. मध्ये नदी, सगळं गाव आणि रेल्वे. मिसेसची नोकरी मिरजेतल्या दवाखान्यात असेल तर आणखी उत्तम, अन्याय कुणावरच होत नाही. भाड्यात महिना 2 हजार वाचतात. जायला 12 किलोमीटर, यायला 12, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 600 किलोमीटर. गाडी लिटरला 45 देते, तर 13 लिटरच्या वर पेट्रोल. दोघांच्या दोन गाड्या. वाचलेले 2 हजार पंपावर कधी गेले कळतही नाही. आणि तेच 2 हजार जादा भाडं देऊन विश्रामबागेच्या आसपास राहता आलं असतं, जिथून सांगली आणि मिरज दोन्ही हाताशी, हे मनात आणू नका. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन अशी दोन जुनी कॉलेजं, त्यांच्यामागं क्लासेसचा बाजार. गर्दी फार.

रस्त्याची चाचणी घ्यायचीच असेल तर रविवारीच घ्या. सोमवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी गाडी चालवून बघितली की मन खट्टू होतं. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून पुढं, माधवनगर रोडला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं लागला की ओव्हरटेक करायचा प्रयत्नच करू नका. मागं बसून रेडिओ ऐका. ट्रॅक्टरच्या मागं रिफ्लेक्टर नसेल, तर रात्री अंदाजानं ओळखा.

शाळा मात्र माहितीपत्रक बघूनच ठरवा. घोडा आणि पोहण्याचा तलाव असलेली शाळा शहराबाहेरच असते. बस सकाळी 6:50 ला चौकात येते, गल्लीत शिरत नाही, आणि तुमची गल्ली चौकापासून लांब आहे हे घर घेतल्यावरच कळतं. बसफी 10 महिन्यांची की 12 महिन्यांची, हे प्रवेशाच्या वेळी विचारणं कंजूषपणाचं दिसतं. जूनमध्ये सावकाश जा. चांगल्या शाळांच्या पहिलीच्या जागा जानेवारी-फेब्रुवारीतच भरलेल्या असतात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांमध्ये एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्राधान्य असतं, त्याच्यापुढं तीन किलोमीटर. तेव्हा घर शाळेपासून तीन किलोमीटर 200 मीटरवर घ्या, म्हणजे नकाशावर बोट ठेवून भांडायला विषय राहतो. मूल दहावीला पोचलं की शाळा कुठलीही असो, क्लासला विश्रामबागेतच यायचं आहे, पण ते पुढचं पुढं.

कुणी शहाणा सांगेल की, आधी भाड्यानं राहा, एक पावसाळा काढा, मग ठरवा. करार साधारण 11 महिन्यांचा असतो. त्यात कुठूनही मोजलं तरी पावसाळ्याचा निम्माअधिक भाग येतोच, म्हणून भाड्याच्या नादाला लागूच नका. शिवाय त्या कराराची नोंदणी कायद्यानं करावी लागते. त्यापेक्षा रविवारच्या त्याच दुपारी, ऊन उतरायच्या आत, टोकन देऊन टाका. रोख द्या. पावती मागितली तर एजंटाला वाईट वाटेल.