रत्नागिरीवर टाकलेला रुमाल

साहेबांची मागणी तशी साधी होती. "नकाशा आपोआप पीडीएफमध्ये येतोच आहे. आता जिल्ह्यावर क्लिक केलं की त्याचा अहवाल उघडू दे. तासाभराचं काम, नाही का?" अशा प्रश्नाला 'हो' म्हणायचं नसतं, हे कळण्याइतका मी नोकरीत मुरलोय. 'बघतो' म्हणालो.

गंमत अशी, की पीडीएफच्या लेखी जिल्हा नावाची वस्तूच नसते. 'इथून तिथवर रेघ ओढ, आत हिरवा रंग भर' एवढाच हुकूम. रंग भरला की विषय संपला. साधं वर्तुळही त्याला येत नाही, चार वक्र रेषा जोडून ते भासवावं लागतं. लिंक तर पानावरच्या चित्रात नसतेच. ती वेगळ्या यादीत असते आणि तिला फक्त आयत कळतो. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमालच तो. खाली सीट आहे की कुणाची मांडी, त्याला काय त्याचं!

त्यात पीडीएफ मोजायला सुरुवात करतं डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून आणि आमच्या नकाशाचे आकडे वरच्या कोपऱ्यापासून. प्रोग्राममध्ये नकाशा उलटवणारी एक ओळ लिहिली, तो गुणी बाळासारखा सुलटा झाला. लिंका मात्र त्या ओळीला जुमानत नाहीत, त्यांचा व्यवहार थेट पानाशी. त्यामुळे सिंधुदुर्गावर क्लिक केलं की नंदुरबार! मालवणच्या किनाऱ्यावर सातपुडा!

आकड्यांची वजाबाकी करून ते निस्तरलं. तर बॉर्डरबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, तर लिंकेभोवती रेघ काढायची, असा नियम निघाला. ३६ जिल्ह्यांच्या ३६ चौकटी, एकमेकींच्या अंगावर. बॉर्डरची जाडी शून्य केली, चौकटी गेल्या.

मग साहेबांनी महाबळेश्वरवर क्लिक केलं. रत्नागिरी उघडलं.

"साताऱ्याच्या लोकांना कळलं तर?"

रत्नागिरी उभा, लांबट आणि दक्षिणेकडे जाताना पूर्वेला कलणारा जिल्हा. तो अख्खा मावेल असा आयत काढला, की डावीकडे अरबी समुद्र आणि उजवीकडे महाबळेश्वर, कोयनेचं धरण, सगळं आत. दोन आयत एकमेकांवर आले, तर सहसा यादीत नंतर आलेला जिंकतो. क्रम बदलून पाहिला, तर सातारा घाट उतरून कोकणात. असले वाद मिटवायला लोक कोर्टात जातात. मी स्पेसिफिकेशन, म्हणजे पीडीएफचं नियमांचं पुस्तक, उघडलं. आयताच्या आत तिरके चौकोन देण्याची सोय पीडीएफ १.६ पासून आहे म्हणे. आहे खरी; पण पीडीएफ दाखवणारे बरेच व्ह्यूअर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

शेवटी प्रत्येक जिल्हा आडवा कापून बारीक पट्ट्या केल्या आणि पट्टीगणिक लिंक लावली. विदर्भात झकास चाललं. गडचिरोलीत तर कुठेही बोट टेका. घोडं अडलं मुंबईत. एफोरच्या आडव्या पानावर मुंबई शहर जिल्हा दोन मिलिमीटरही रुंद भरत नाही. साहेब मोबाइलवर अंगठा टेकवतात तेव्हा त्याखाली मुंबई, उपनगर आणि बरंचसं ठाणं येतं.

तोडगा साहेबांनीच काढला. "किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांची नावं समुद्रात मोठ्या अक्षरांत लिहा आणि लिंक नावालाच लावा." नाव आयतात चपखल बसतं, त्यामुळे कुणाची तक्रार उरली नाही. हल्ली अरबी समुद्रात आमचे ७ अहवाल तरंगत असतात.

परवा पुण्याच्या ऑफिसातून मेल आला: आमचंच नाव समुद्रात का नाही?