तिसरीच्या वर्गात पाताळनगरी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पुण्यातल्या पाताळेश्वराच्या लेण्यातून खाली उतरणारा जिना, तळाशी नगरी, बोलणारा नंदी असली गोष्ट सांगून तिसरीच्या मुलांना 'मायावी', 'अंजन', 'गुप्तद्वार' हे शब्द शिकवायचे, ते त्यांच्या काय उपयोगाचे? त्यापेक्षा पोस्ट, बँक, बाजार यांवरचे धडे घ्या आणि धड्याखालचे शब्दार्थ पाठ करून घ्या, आमची पिढी तशीच शिकली. शिवाय शब्दाशब्दाला थांबलं की गोष्टीचाही विचका होतो. सारी हयात वर्गात गेलेल्या माणसाचं म्हणणं आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय.

'मायावी' शिकवायला मी ती गोष्ट सांगतच नाही. तो शब्द मुलं ओघात उचलतात किंवा सोडून देतात, माझं काही बिघडत नाही. फळ्यावर जातात ते 'नाइलाज', 'संकोच', 'तडजोड', 'विवंचना'. नंदी राजाशी तडजोड करतो, मुलगी नाइलाजाने डोळ्यांत अंजन घालून घेते. हे शब्द उद्या इतिहासात भेटतील, वर्तमानपत्रात भेटतील, पण आठ वर्षांच्या मुलाशी घरी बोलताना कोण वापरतं? अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन यांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत : रोजच्या बोलण्यातले, एकेका विषयापुरते पारिभाषिक, आणि या दोहोंच्या मधले, कुठल्याही पुस्तकात सापडणारे. शिकवण्याचा वेळ या मधल्या थरावर घालवा, असा त्यांचा आग्रह. मला तो पटतो.

हे शब्द पोस्टाच्या धड्यातही बसवता येतील, असं तुम्ही म्हणाल. येतील की. पण माझ्या वर्गात कुणाचे बाबा आयटीत, कुणाचे बांधकामावर. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या हिंदी, कुणाच्या कन्नड. बँकेचा धडा सुरू झाला की बँक पाहिलेलीच मुलं हात वर करतात, आणि त्यांनाही नीट ऐकायची गरज नसते, निम्मं आधीच ठाऊक असतं. पाताळनगरीत कुणीच गेलेलं नाही. तिथे काय चाललंय हे कळायला शब्दांवाचून दुसरा आधार नाही, त्यामुळे सगळीच कान टवकारून बसतात. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या एका गटाला नेहमीच्या जगातल्या, तर दुसऱ्याला ड्रॅगनसारख्या कल्पित विषयांवरच्या पुस्तकांतून आणि खेळातून नवे शब्द दिले होते. शिकले दोन्ही गट, पण शब्दाचा अर्थ स्वतः सांगण्यात कल्पित विषयांचा गट पुढे गेला. ती मुलं पूर्वप्राथमिक वयाची होती, तिसरीची नव्हेत, हे सांगायलाच हवं.

आता शब्दार्थ. 'विवंचना म्हणजे काळजी' हे पाठ केलेलं मूल 'वाक्यात उपयोग करा'मध्ये काय लिहितं? "आई माझी खूप विवंचना घेते." त्याच्या तर्कात काहीही खोट नाही! दिलेल्या अर्थाच्या जागी शब्द ठेवला, इतकंच. याउलट नगरीचा राजा रात्रभर येरझाऱ्या घालतो, जेवणाचं ताट तसंच परत पाठवतो, तेव्हा ती विवंचना डोळ्यांपुढे उभी राहते. मग मी विचारतो, घरी कुणाला अशी विवंचना लागली होती का? उत्तरं ऐकून कधी कधी माझीच बोलती बंद होते. आणि तुमची पिढी नुसते शब्दार्थ पाठ करून शिकली, हे मला खरंच वाटत नाही, सर. कीर्तनं होती, आजीच्या गोष्टी होत्या, त्यांत राक्षस काय कमी होते?

थांबण्याबद्दल मात्र आपलं एकमत आहे. पहिल्या वाचनात मी थांबत नाही, फार तर अर्धं वाक्य जोडून पुढे सरकतो. पण अजिबात न सांगणंही परवडत नाही. न्यूझीलंडच्या वॉरविक एली यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्राथमिकच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या होत्या. नुसत्या ऐकण्याने नव्या शब्दांत सुमारे १५ टक्के भर पडली, आणि वाचता वाचता अर्थ थोडक्यात सांगितला तेव्हा सुमारे ४० टक्के.

गोष्टीचा पुढचा भाग इथे टाकतोच आहे. त्यातले शब्द या वेळी तुम्ही निवडून द्या. अट एकच : पाचाच्या वर नकोत.