चोपड्यातला शालिभद्र

माझं माहेर सांगलीकडचं, दिगंबर जैन. सासर पुण्यातलं, गुजराती वळणाचं, श्वेतांबर. त्यामुळे दिवाळीच्या मला दोन पहाटा. माहेरी आश्विन अमावास्येला उजाडता उजाडता बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, निर्वाण लाडू चढतो, सासरी तो पाडव्याच्या पहाटे. महावीर पावापुरीला मोक्षाला गेले ती रात्र चतुर्दशीची सरती की अमावास्येची, एवढाच फरक. (लहानपणी माझी तक्रार वेगळीच असायची. एवढा मोठा लाडू, आणि खायचा नाही? "निर्माल्य गं ते!" आजी डोळे वटारायची.)

सासूबाई छठ करतात, म्हणजे लागोपाठ दोन उपवास. घरभर चिवड्याच्या फोडणीचा वास आणि त्या नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. रात्री माळा: आधी 'महावीरस्वामी सर्वज्ञाय नमः', मध्यरात्री 'पारंगताय नमः', आणि पहाटे गौतमस्वामींची. गुरू महावीर गेले म्हणून रडणाऱ्या या शिष्याचा मोह त्याच पहाटे गळला आणि त्याला केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालं. मला तर ही दिवाळी महावीरांइतकीच गौतमांची वाटते.

फटाक्यांवर लिहीत नाही. आमच्यात ते वाजवत नाहीत म्हणून मिरवणं आणि मग सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हे विसरून रात्री नऊला पंगत मांडणं, दोन्हींचा मला सारखाच कंटाळा आहे.

मला खुपतं ते चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा. हिशेब सगळा कॉम्प्युटरवर, तरी पूजेपुरती लाल वही येतेच. पहिल्या पानावर लिहायचं: गौतमस्वामींची लब्धी (म्हणजे सिद्धी) असो, बाहुबलीचं बळ असो, अभयकुमाराची बुद्धी असो, धन्ना-शालिभद्राची ऋद्धी असो. आता हा शालिभद्र कोण? राजगृहीचा गर्भश्रीमंत, बत्तीस बायकांचा नवरा. आपल्यावरही कुणी धनी आहे, राजा श्रेणिक, हे कळलं आणि त्याचं मन उडालं. रोज एकेक बायको सोडू लागला. मेहुणा धन्ना म्हणाला, एकेक कशाला? आणि स्वतः एका दमात सगळं सोडून निघाला. बाहुबलीनेही जिंकलेलं राज्य सोडलंच. म्हणजे ज्यांनी लाथाडलं, त्यांच्याच नावाने आपण मागतो! नवरा म्हणतो, "सोडायला आधी असावं लागतं ना?" मुद्दा बिनतोड आहे, पण आमच्या घरात सोडण्याची पाळी अजून कुणावर आलेली नाही.

यंदा वही लिहायचं काम माझ्याकडे आलं. वीर निर्वाण संवत २५५२ घातलं, लब्धी, बळ, बुद्धी लिहिली आणि शालिभद्रापाशी पेन अडलं. सासरे चष्म्यावरून बघत होते.

"लिही बेटा. दुकानाचं भाडं एक तारखेला जातं."

लिहिलं.