काका, तुमची बाजू स्टारबोर्ड

गोदावरी ब्रह्मगिरीवर जन्माला येते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण बाईंनी त्याला पाठ दाखवली आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटर पायपीट करून बंगालचा उपसागर गाठला. समुद्राच्या बाबतीत नाशिककरही गोदावरीचाच भाऊ. त्याची पाण्यावर जायची हौस गंगापूर धरणाच्या बोटीवर भागते. अशा गावात एखाद्या कुटुंबाने ‘यंदा क्रूझ’ असं ठरवलं, तर बोलणं व्हायला हवं लाटांचं आणि उलटीच्या गोळ्यांचं. होतं भलतंच. ‘जेवणात शाकाहारी काय?’ हा पहिला प्रश्न. दुसरा काका विचारतात, आवाज खाली आणून: ‘सिगरेट ओढायची सोय आहे ना रे?’ आणि तिसरा काकू विचारतात, आवाज मुद्दाम वर नेऊन: ‘ओढणाऱ्यांपासून सुटायची सोय आहे ना?’

हे शेवटचे दोन प्रश्न एकाच बुकिंगमध्ये बसवणं म्हणजे एकाच मिसळीत एकाला कट जास्त आणि एकाला कट वगळून देण्यासारखं आहे. जमतं, पण वाढणाऱ्याचं डोकं ठिकाणावर पाहिजे. आणि वाढणारा म्हणून घरात जो पकडला जातो, तो त्या चार दिवसांत धुम्रपान-धोरण या विषयात पीएचडी होतो. मी त्याच जातीचा.

सगळे करतात ती चूक आधी सांगतो. वहीत रकाने आखायचे, वर कंपन्यांची नावं लिहायची, डावीकडे ‘केबिन’, ‘बाल्कनी’, ‘दंड’. तासाभराने वही पाहावी तर सगळ्या रकान्यांत एकच उत्तर. केबिनमध्ये बंदी, बाल्कनीत बंदी, मोडल्यास साफसफाईचे २५० डॉलर. रॉयल कॅरिबियन घ्या, नॉर्वेजियन घ्या, सेलिब्रिटी घ्या. कार्निव्हलने तो आकडा ५०० वर नेलाय, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे सार्वजनिक जागी ओढल्याचा दंड २०० रुपये. २०० आणि २५०, ऐकायला पन्नासाचाच फरक. म्हणून काका निवांत असतात. चलन वेगळं आहे हे त्यांना उतरायच्या आदल्या रात्री कळतं. पावती फाडायला कोणी येत नाही. रक्कम केबिनच्या खात्यात चढते आणि खातं ज्याच्या कार्डाला जोडलंय त्याच्याकडून जाते. ते कार्ड काकांचं नसतं.

‘बाल्कनीत चालतं, आमच्या साडूने ओढली होती’ असं कोणी सांगितलं तर साडूंना एकच विचारायचं: साल कुठलं? प्रिन्सेस कंपनीने बाल्कनी बंद केली २०१२ मध्ये. रॉयल कॅरिबियनने जानेवारी २०१४ मध्ये, कार्निव्हलने त्याच साली ऑक्टोबरात, नॉर्वेजियनने नोव्हेंबरात. त्याआधीच्या साडूंचा अनुभव खरा असतो, पण कामाचा नसतो.

ही बंदी कोणाच्या सोवळेपणातून आलेली नाही. २३ मार्च २००६ च्या पहाटे तीनच्या सुमारास स्टार प्रिन्सेस हे जहाज जमैकाकडे निघालेलं असताना एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटिश चौकशीत बहुधा कोणाचं तरी विझलेलं नसलेलं थोटूक कारणीभूत ठरलं. दोन बाल्कन्यांमधले आडोसे पॉलिकार्बोनेटचे, खालच्या लाद्या पॉलियुरेथेनच्या, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, आणि वर चालत्या जहाजाचा वारा. आग बघता बघता वरच्या मजल्यांवर चढली. एका प्रवाशाचा धुराने गुदमरून जीव गेला. बाल्कनी ही ‘बाहेरची जागा’ म्हणून तोवर तिथे आग विझवायची स्वयंचलित सोय सक्तीची नव्हती. मग आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि जुलै २००८ पासून बाल्कनीतलं सामान सहज पेट न घेणारं असावं, नाहीतर तिथे आगीची सूचना देणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा असावी, असं ठरलं. तेव्हा ‘थोटूक समुद्रात टाकलं की झालं’ हे वाक्य जहाजावर कोणी बोलू नये. समुद्रात टाकलेलं थोटूक समुद्रात पडतंच असं नाही. बाजूने घासून जाणारा वारा ते उचलतो आणि खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या कोणाच्या तरी टॉवेलवर, अलगद ठेवतो.

मग तुलना कशाची करायची? बाजूची.

जहाजाला डावं-उजवं नसतं, पोर्ट आणि स्टारबोर्ड असतं. नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड. तुम्ही वळलात तर तुमचा डावा हात तुमच्याबरोबर वळतो; पोर्ट आहे तिथेच राहतं. पोर्टचा दिवा लाल, स्टारबोर्डचा हिरवा. द्राक्षाच्या गावात पोर्ट वाइन लाल असते हे पाठ करायला लागू नये. रॉयल कॅरिबियनच्या बहुतेक जहाजांवर उघड्या डेकची ओढायची जागा स्टारबोर्डला असते, पण त्यांच्याच ओअ‍ॅसिस वर्गाच्या अवाढव्य जहाजांवर पोर्टला. म्हणून एजंटला ‘कंपनीचं धोरण काय’ विचारणं म्हणजे ‘नाशिकला पाऊस आहे का’ विचारणं. पंचवटीत विचारा, त्र्यंबकला विचारा, वेगवेगळं उत्तर मिळेल. जहाजाचं नाव घ्या, डेकचा नंबर घ्या, बाजू घ्या. एजंट ‘सर, सगळीकडे डेझिग्नेटेड एरिया असतो’ म्हणाला, की तो एरिया नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. बोट थरथरलं तर दुसरा एजंट.

नकाशा हातात आला की धुराचा रस्ता काढायचा. यात गंमत अशी की जहाज स्वतःच वारा तयार करतं. वेग १८ ते २० गाठी धरला तर ताशी ३३ ते ३७ किलोमीटर. समुद्रावर पानही हलत नसेल (पान असतं तर), तरी डेकवर एवढा वारा समोरून येतोच. कॉलेज रोडवर बाइक चालवणारा सिगरेट ओढतो तेव्हा राख कोणाच्या डोळ्यात जाते? मागे बसणाऱ्याच्या. जहाजाचा हिशोबही तोच: ओढायच्या जागेच्या मागचं आणि वरचं सगळं ‘मागे बसणारं’. काकूंची केबिन तिथे नको. विरुद्ध बाजूला घ्या, किंवा त्याच बाजूला पण नाकाकडे सरकून घ्या. आणि एक खोच: कधी वारा मागून येतो आणि नेमका जहाजाच्याच वेगाचा असतो. तेव्हा डेकवर सगळं थिजतं आणि धूर जागच्या जागी तरंगत राहतो. त्या दुपारी कुठलीच बाजू काकूंची नसते.

केबिनच्या नंबरावरून बाजू ओळखायला जाऊ नका. कुठे सम आकडे पोर्टला, कुठे विषम. नकाशावर जहाजाचं टोक शोधा आणि बोट फिरवा.

बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दारही उघडलं, की वाऱ्याची जी सोंड आत घुसते ती बाहेरचा सगळा वास घेऊन कॉरिडॉरभर फिरते. एका वेळी एकच दार. हे मुलांना शिकवा. मोठ्यांना शिकवून झालेलं असतं, तरी ते दोन्ही उघडतात.

आता कसिनो. धोरणाचं पान वाचताना लोक ‘आतल्या सर्व जागा धूरमुक्त’ इथे थांबतात. पुढचे दोन शब्द वाचत नाहीत: ‘कसिनो वगळून’. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, कार्निव्हल यांच्या जहाजांवर कसिनोत किंवा त्याच्या काही भागात साधारणपणे ओढता येतं. सेलिब्रिटीचा कसिनो धूरमुक्त आहे. डिस्नेच्या जहाजांवर कसिनोच नाही, हे काकूंना सांगताना आवाजात विजय येऊ देऊ नये, कारण काका लगेच ‘मग जायचं कशाला’ म्हणतात. कसिनोचा त्रास खेळणाऱ्यांना नसतो, जाणाऱ्या-येणाऱ्यांना असतो. तो हमखास थिएटर आणि जेवणाच्या हॉलच्या मध्ये बसवलेला असतो, म्हणजे रोज संध्याकाळी सगळी वरात त्यातून जावी. शेजारी मधला मोठा चौक असेल तर वास जिन्याने वर चढतो. नकाशावर थिएटरपासून ताटापर्यंतचा रस्ता काढून ठेवा: एक मजला वर, चालत पुढे, एक मजला खाली. जास्तीची दोनशे पावलं. तिथल्या जेवणानंतर ती कोणालाच जड नाहीत.

पूर्ण धूरमुक्त जहाज का काढत नाहीत, असा काकूंचा रास्त सवाल असतो. काढलं होतं. कार्निव्हलचं पॅराडाइझ १९९८ मध्ये आलं ते संपूर्ण निषिद्ध. डेकवरही नाही. पकडला गेला की २५० डॉलर आणि पुढच्या बंदरात उतरा. २००४ मध्ये हा सोवळा संसार मोडला. कारण तेव्हा असं सांगितलं गेलं की ओढत नाहीत ते लोक बारमध्ये पीतही नाहीत आणि कसिनोत खेळतही नाहीत. जेवतात आणि झोपतात. असे प्रवासी कंपनीला परवडत नाहीत. नाशिकहून गेलेली आपली माणसं नेमकी याच प्रकारची असतात, पण ते सांगायला एजंटकडे जाऊ नये.

मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस घेतलंत तर बाल्कनीचा वाद आपोआप मिटतो. ते १९९० चं जहाज, पूर्वीचं नॉर्डिक एम्प्रेस. त्या काळात बाल्कन्या मोजक्याच काढायचे. पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर, झालं. तिथे सगळा प्रश्न उघड्या डेकचा उरतो: कुठला मजला, कुठली बाजू, लहान मुलांच्या पाण्यापासून किती लांब.

सिंगापूरहून जायचं असेल तर काकांना घरीच, चहा देऊन, शांतपणे बसवा. सिंगापुरात सिगरेटवर ड्यूटी-फ्री सवलत शून्य आहे. खिशातलं उघडलेलं पाकीटसुद्धा जाहीर करून कर भरायचा. व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, जवळ असणं हाच गुन्हा. तंबाखू-चुन्याचा बटवा, गुटखा, खैनी, सगळं वर्ज्य. ‘अरे, कोण बघतंय’ हे वाक्य कसाऱ्यापर्यंत चालतं. लायटर तर भारतातल्या विमानतळावरच जातो, हातातल्या बॅगेतूनही आणि मोठ्या बॅगेतूनही. म्हणजे कर भरून पाकीट पुढे गेलेलं, आणि आग मागे राहिलेली, अशा अवस्थेत काका जहाजावर चढतात.

चढल्यावर बाथरूमचा पंखा लावून ओढू, ही युक्ती प्रत्येक काकांना स्वतंत्रपणे सुचते. केबिनमध्ये धुराचा डिटेक्टर असतो आणि त्याची हाक थेट वरच्या कंट्रोलला जाते. त्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवणं ही दुसरी युक्ती. ती सापडली की विषय साफसफाईच्या दंडाचा राहत नाही, आगीच्या यंत्रणेशी छेडछाडीचा होतो, आणि मग परतीचं तिकीट विमानाचं, स्वखर्चाने. पाइप आणि सिगारला पुष्कळ ठिकाणी सिगरेटच्या कोपऱ्यातही थारा नसतो, त्यांची खोली वेगळी. व्हेपला बहुतेक सगळे सिगरेटच्याच ओळीत बसवतात. हुक्का चढूच देत नाहीत. आणि जहाजात इंधन भरत असतील तेव्हा उघड्या डेकवरची अधिकृत जागाही तेवढा वेळ बंद. हे सहसा बंदरात होतं, म्हणजे सगळे फिरायला उतरलेले असताना गुडघेदुखी सांगून मागे राहिलेल्या काकांना एकट्याने गाठून होतं.

एवढं सगळं जुळवून, काकांची जागा स्टारबोर्ड, काकूंची केबिन पोर्ट, मधून जाणारा रस्ता एक मजला वरून, असा तह झाला की बुकिंग करावं. मग येते बंदरावरची सामानाची तपासणी. इस्त्री काढून घेतात, चहाची किटली काढून घेतात. आणि काकूंच्या पिशवीतून निघतो अगरबत्तीचा पुडा, कापराची डबी, तुपात भिजवलेल्या फुलवाती आणि काडेपेटी. मेणबत्त्या आणि अगरबत्ती जहाजावर बंद. हे त्याच नियमावलीत, धुम्रपानाच्या पानानंतर दोन पानांनी, स्वच्छ लिहिलेलं असतं. ते पान कोणी वाचत नाही, कारण धूर फक्त काकांचा असतो अशी घरात समजूत आहे.

प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये अगरबत्तीचा पुडा जातो. काका तोंड फिरवून समुद्राकडे बघतात. खांदे हलतात तेवढे दिसतात. काकू जराशा घुटमळतात, मग तपासणीच्या मुलीला आवाज अगदी खाली आणून विचारतात, ‘अगं बाळ, एकच लावते. स्टारबोर्डला लावली तर चालेल का?’