भाऊजी, आईचा रेडिओ भंगारात जाणार नाही

भाऊजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल: ‘अमेरिकेने सरकारी रेडिओ-टीव्ही बंद केला. आपण कधी करणार? आकाशवाणी-दूरदर्शन कोणी बघत-ऐकत नाही, ते सरकारचे भोंगे आहेत, खासगीवाले सगळं फुकट देतात. टॅक्सचे पैसे वाचवा.’ एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण परवा निपाणीजवळच्या आमच्या गावातून आईचा फोन आला, ‘रेडिओ बंद होणार म्हणे रे. भंगारवाल्याला देऊन सोडू काय?’

अमेरिकेत सरकारने चालवलेली देशभरची आकाशवाणी नव्हतीच, बंद काय करणार? तिथल्या संसदेने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक रेडिओ-टीव्ही केंद्रांना सरकारी पैसा वाटणाऱ्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाचे दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. माणशी वर्षाला दीड डॉलर म्हणा. यातला बहुतेक पैसा गावोगावच्या केंद्रांना जायचा. मोठ्या शहरातली केंद्रं देणग्यांवर तगतील, अडचण आडगावच्या केंद्राची.

‘खासगीवाले सगळं देतात’ या वाक्याला मात्र हात जोडले! भाऊजी, आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. २०११ च्या धोरणानुसार द्यायच्याच असतील तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. म्हणजे उद्या आकाशवाणीला कुलूप लावलं तर त्यांच्याकडे उरणार गाणी, जाहिराती आणि फोनवरून कुणाची तरी केलेली थट्टा.

ऑगस्ट २०१९ विसरलात काय? यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. आईच्या गल्लीत वीज नाही, मोबाइल बंद पडलेले. आपलं घर कर्नाटकात, पण वेदगंगेवरचं पाटगाव आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी ही दोन्ही धरणं कोल्हापूर जिल्ह्यात. तिथून पाणी सोडलं की इकडे गोठ्यातली जनावरं हलवायची. बेंगळुरूच्या चॅनेलला पाटगाव कुठे आहे ठाऊक नाही, मुंबईच्या चॅनेलला आपण ठाऊक नाही. आई सेलवरच्या रेडिओवर मराठी प्रादेशिक बातम्या लावून बसायची आणि अर्धी गल्ली तिच्या कट्ट्यावर.

हे आकाशवाणीचे उपकार नव्हेत, कामच आहे. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा, १९९०, कलम १२ काढून वाचा. शेती, ग्रामविकास, आरोग्य, शिक्षण यांकडे विशेष लक्ष द्यायचं, वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा आणि संस्कृतींना पुरेशी जागा द्यायची, असं त्यात लिहिलंय. कुठल्या मनोरंजन वाहिनीचं हेच मुख्य काम आहे?

‘कोणी ऐकत नाही’: आई ऐकते, शेजारचे मामा ऐकतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपल्याला आजच्या कर्नाटकात टाकलं हे १९६३ मध्ये सुरू झालेल्या सांगली केंद्राला कुणी कळवलं नसावं, ते इकडेही लागतं.

टॅक्सचं म्हणाल तर, आकाशवाणी-दूरदर्शनची यंत्रणा सुधारायला २०२३ मध्ये २,५३९ कोटींची योजना मंजूर झाली. डोईला अठरा रुपये, तेही काही वर्षांत मिळून. बेळगावात एक कुंदा घ्यायला गेलात तर याच्या कितीतरी पट जातात.

आता भोंगा. नाइलाजाने मान्य करतो. कायदा १९९० चा, अंमल व्हायला १९९७ उजाडलं, आणि स्वायत्तता बहुतेक कागदावरच राहिली. पगार सरकारी अनुदानातून, वर कलम २३ खाली सरकार सूचना देऊ शकतं. बातम्या ऐकताना ते कळतंच, आई सुद्धा मंत्र्यांचं कौतुक सुरू झालं की आवाज बारीक करते. पण प्रसार भारतीचा कारभार तपासायला सरकारनेच नेमलेल्या सॅम पित्रोदा समितीने २०१४ मध्ये खरी स्वायत्तता द्या म्हणून सांगितलं, बंद करा म्हणून नव्हे. तुमच्या मेसेजात त्याचा एक शब्द नाही.

आईला सांगितलंय, रेडिओ कपाटावरच ठेव. सेल संपत आलेत म्हणाली. भाऊजी, रविवारी गावाला निघालाच आहात, तर मोठे दोन घेऊन या.