व्हॉल्व बदललेल्या माणसाला वाऱ्यावर सोडू नका

भाऊ, नमस्कार. मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाचा व्हॉल्व खराब झालाय, त्यांनी उपचाराला उशीर करू नये, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, असं लिहून मी गरीब माणसाला ऑपरेशनच्या तोंडी देते. तुमच्या मावसभावाचा व्हॉल्व बदलला आणि तीन वर्षांत त्याला लकवा मारला. ऑपरेशन केलं नसतं तर तो आज शेतात उभा असता, हे सगळं सरकारी आरोग्य योजनेचा पैसा उचलायला चालतं, आणि मी मेडिकलच्या दुकानात बसते म्हणून मला ते गोड वाटतं, असं तुम्ही लिहिलंय.

दुकानाचं आधी सांगून टाकते. या आजारातली रोजची औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन तर इतकं स्वस्त की ते ठेवण्यात कोणाला रस नाही. चोपडा गावात नसलं की शिरपूर, शहाद्यापर्यंत फोन करावे लागतात. त्यावर कोणाचं दुकान चालत नाही.

आता मावसभाऊ. तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे: गुजरातेत ऊसतोडीला गेला तेव्हा गोळ्या संपल्या, महिनाभर तसाच राहिला. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण मला सगळं त्यातच दिसतं. धातूचा व्हॉल्व शरीराला परका, त्याच्यावर रक्ताची गुठळी धरायला वेळ लागत नाही. म्हणून ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, रोज घ्यावी लागते. गोळी थांबली की काही दिवसांत तिचा असर उतरतो. गुठळी सुटून मेंदूत गेली की लकवा. त्याचं नेमकं काय झालं ते त्याची फाईल पाहून डॉक्टरच सांगतील, पण महिनाभर गोळी नाही म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

आणि ऑपरेशन केलं नसतं तर तो शेतात उभा असता, हे मला पटत नाही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल व्हॉल्वची वाट चांगल्या माणसात चार ते सहा चौरस सेंटीमीटर असते. संधिवाताचा ताप व्हॉल्वच्या पडद्यांना चिकटवत, जाड करत नेतो आणि वाट दीडच्या खाली आली की आजार गंभीर समजतात. मागे रक्त तुंबतं, फुप्फुसात पाणी साचतं, हृदयाचा वरचा कप्पा फुगतो आणि ठोके अनियमित पडायला लागतात. त्या फुगलेल्या कप्प्यातही गुठळी होते. म्हणजे व्हॉल्व न बदललेल्या माणसालाही याच आजारात लकवा मारतो. पाड्यावरची तिशीतली बाई "माले दम लागस" म्हणत येते, दोन वर्षं दम्याची औषधं खाते आणि सातव्या महिन्यात बाळंतपणाआधीच तिला उताणं झोपता येत नाही, तेव्हा कोणीतरी पहिल्यांदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं, अरुंद व्हॉल्वला ते झेपत नाही. अशी माणसं ऑपरेशनविनाच जातात आणि घरचे सांगतात, "दम्याने गेली."

वेळेत जा म्हणण्याचं माझं खरं कारण वेगळंच आहे. वेळेत गेलं तर पुष्कळांची छाती उघडावीच लागत नाही. 1984 साली जपानचे डॉक्टर कान्जी इनोउए यांनी फुग्याने व्हॉल्व उघडण्याची रीत जगासमोर मांडली. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, चिकटलेल्या पडद्यांत फुगा फुगवतात, वाट मोकळी होते. स्वतःचाच व्हॉल्व राहतो. गरज पडली तर गरोदर बाईलाही हे करता येतं. पण पडद्यांवर चुना साचला, व्हॉल्व जास्त गळायला लागला किंवा वरच्या कप्प्यात गुठळी बसली, तर फुगा सहसा चालत नाही. थांबत राहिलं तर हा सोपा रस्ता बंद होतो आणि मग बदलण्यावर गाडी येते. जिथे जमेल तिथे व्हॉल्व दुरुस्त करणंही बदलण्यापेक्षा बरं.

तुमचा राग मला जिथे शंभर टक्के मान्य आहे, ते आता लिहिते. व्हॉल्व बसवण्याआधी त्या पोराला कोणी विचारलं का, की बाबा तू वर्षातले किती महिने गावात असतोस? रक्ताची तपासणी कुठे करशील? धातूचा व्हॉल्व टिकतो, पण गोळी आणि तपासणी जन्मभर मागतो. केरळच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला व्हॉल्व 1990 साली पहिल्यांदा माणसाला बसवला, तेव्हापासून आपल्या देशात कमी पैशांत चांगला धातूचा व्हॉल्व मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे. गाय-डुकराच्या ऊतीपासून केलेल्या व्हॉल्वला बहुतेकांना जन्मभर गोळी लागत नाही, पण तरुण माणसात तो लवकर झिजतो आणि पुन्हा ऑपरेशन येतं. मूल हवं असलेल्या मुलीला तर हे आधी सांगायलाच हवं, कारण वॉरफरिन पोटातल्या बाळाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, इजा करू शकतं. हे सगळं अर्ध्या तासाचं बोलणं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांशी ते कोणी केलेलं नसतं. सही घेतलेली असते, बस.

योजनेचंही तसंच. 2 जुलै 2012 ला ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने राज्यभर आहे. तिच्यामुळे घरदार न विकता व्हॉल्व बदललेली माणसं मी रोज बघते, म्हणून "पैसा उचलायला" हे मी मान्य करणार नाही. पण दर महिन्याला धडगावहून तपासणीला यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी घरावरच पडते. रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआरची तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, बाजाराच्या दिवशी, फुकट झाली पाहिजे. भांडायचं तर यासाठी भांडू, मी तुमच्याबरोबर आहे.

इंजेक्शनबद्दल तुम्ही लिहिलंय की ऑपरेशन झाल्यावर ते बंद केलं. बंद करायचं नसतं. व्हॉल्व बदलला तरी घशाच्या जंतूने ताप पुन्हा उलटू शकतो आणि बाकीचे व्हॉल्व अजून स्वतःचेच आहेत. हृदयावर परिणाम राहिलेल्यांना ते निदान दहा वर्षं किंवा चाळीशीपर्यंत, यातलं जे लांब असेल तोवर देतात, काहींना जन्मभर. लोक टाळतात ते मला कळतं. बाटलीत पांढरी भुकटी, पाणी घालून हलवली की घट्ट दुधासारखी होते, बारीक सुईत अडकते, म्हणून जाड सुई घ्यावी लागते. कमरेत खोल, सावकाश द्यावं लागतं आणि दोन दिवस बसवत नाही. रिॲक्शनच्या भीतीने काही डॉक्टरही हात लावत नाहीत. जिवावर बेतणारी रिॲक्शन फार क्वचित येते, तरी तयारी ठेवूनच द्यायचं. हृदय फारच थकलेलं असेल तर डॉक्टर त्याऐवजी गोळीवर ठेवतात, पण तेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

मावसभावासाठी लगेच करायच्या गोष्टी सांगते. या आठवड्यात आयएनआर करा. मायट्रलच्या जागी धातूचा व्हॉल्व असेल तर तो साधारण 2.5 ते 3.5 मध्ये लागतो. पण लकव्यानंतर गोळी किती, हे डॉक्टरच ठरवतील, तुम्ही-मी नाही. कोणी "नवीन गोळी आहे, तपासणी लागत नाही" म्हणालं तर ऐकू नका. धातूच्या व्हॉल्ववर अशा एका गोळीचा अभ्यास केला, तर गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. तो अभ्यास अर्ध्यावर थांबवावा लागला, 2013 मध्ये छापून आलाय. अंग दुखलं म्हणून ब्रुफेन, डायक्लो मागून घ्यायची नाही. मी दुकानात ॲसिट्रॉमवाल्याला ती देतच नाही, भांडण झालं तरी. दात काढायचा तर आधी डॉक्टरांना व्हॉल्व सांगा, अँटिबायोटिक लागतं. आणि भरीत बंद करू नका. भरितातली कांद्याची पात, मेथी, पालक यांत के जीवनसत्त्व भरपूर, त्याने गोळीचा जोर कमी होतो, म्हणून दर आठवड्याला खाणं साधारण सारखं ठेवायचं. महिनाभर काही नाही आणि मग शेतात भरीत पार्टी, हे नको. ऊसतोडीला घरातलं कोणीही जाणार असेल, तर जाण्याआधी पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या बांधून द्या.

तुमच्या दुसऱ्या, छोट्या प्रतिक्रियेत एक गोष्ट आहे, ती वाचून मी उत्तर द्यायला बसले. मावसभावाच्या धाकट्या बहिणीला जिना चढताना दम लागतो, लहानपणी सांधे सुजायचे, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तिचं लग्न आहे, आणि ऑपरेशन सांगतील म्हणून तुम्ही तिला कुठे नेत नाही आहात. भाऊ, इको म्हणजे छातीवर जेल लावून यंत्र फिरवतात, सुईसुद्धा टोचत नाहीत. त्यात काही निघालं नाही तर उत्तमच. निघालं, तर अजून फुग्याची वेळ असू शकते, आणि ती लग्नानंतर दिवस गेल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेली बरी. आखाजीला अजून वेळ आहे. तिला जळगाव नाहीतर धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात घेऊन जा, भावाची जुनी फाईलही बरोबर न्या आणि तिचे सांधे सुजायचे हे डॉक्टरांना न विसरता सांगा. रिपोर्ट आला की इथे खाली लिहा, मी वाट बघते.