मुलतानचा डाव गांगुलीने घोषित केला नव्हता

खेळातल्या सर्वांत वाईट निर्णयांची चर्चा निघाली की पाकिस्तानातल्या मुलतानची भारत-पाक कसोटी येतेच. सध्या फिरणाऱ्या मजकुरात म्हटलंय की, ‘सचिन १९४ वर असताना कर्णधार गांगुलीने डाव घोषित केला आणि त्या घाईतून काहीच साधलं नाही.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मार्च २००४ च्या त्या कसोटीत गांगुली पाठीच्या दुखापतीमुळे खेळतच नव्हता. कर्णधारपदाची सूत्रं राहुल द्रविडकडे होती. दुसऱ्या दिवशी युवराज ५९ वर बाद झाला आणि द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव सोडला. समोर सचिन नाबाद १९४, द्विशतकाला फक्त सहा धावा कमी. सेहवागचं त्रिशतक त्याआधीच झालेलं, कसोटीत भारतीयाचं पहिलंच.

आता घाईबद्दल. पाकिस्तान ४०७ आणि २१६ वर आटोपला, दुसऱ्या डावात कुंबळेचे सहा बळी. भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. पाकिस्तानातला आपला पहिला कसोटी विजय! बरं, सामना संपला पाचव्या दिवशी सकाळी, म्हणजे आणखी एक-दोन षटकं दिली असती तरी फारसं बिघडलं नसतं. सचिनने नाराजी तेव्हाच बोलून दाखवली होती, आणि ती रास्तच होती. निर्णयावर टीका जरूर करा, पण गांगुलीच्या नावाने खडे कशाला फोडता?